दोन पिशव्यांच्या मधले पाच दिवस

आमच्या घरात महिना तीन तऱ्हेने मोजला जातो. एक चंद्राचा, एक पगाराचा आणि एक आमच्या लेकीच्या रक्ताचा. लेक तेरा वर्षांची आहे. तिला थॅलेसेमिया मेजर आहे. तिच्या शरीरात धड हिमोग्लोबिन तयार होत नाही, म्हणून दर अठरा-वीस दिवसांनी तिला दुसऱ्या कुणाचे तरी रक्त चढवावे लागते. पिशवी चढली की पहिले दहा-बारा दिवस ती शाळेत उड्या मारते. शेवटच्या चार दिवसांत जिना चढताना मधल्या पायरीवर बसते आणि चप्पल नीट करत असल्याचे नाटक करते. लग्ने, अकीके, ईदला गावी जाणे, सगळे आम्ही एका पिशवीपासून दुसऱ्या पिशवीपर्यंतच्या दिवसांत बसवतो.

त्यामुळे अलिबाग ते रत्नागिरी अशी पाच दिवसांची सायकल सफर ठरते आहे, थॅलेसेमियाच्या मुलांसाठी पैसे जमवायचे आहेत, तुम्ही येणार का, असा फोन आला तेव्हा आम्ही आधी कॅलेंडर पाहिले. सोमवारी पिशवी होती. सफर बुधवारी निघून रविवारी संपणार होती. म्हणजे लेकीचे सगळ्यात चांगले दिवस. तिची नानी पनवेलला येऊन राहायला तयार झाली. मग नाही म्हणायला कारण उरले नाही, फक्त वय उरले. आमच्यातला एक एक्कावन्न वर्षांचा शाळामास्तर, दुसरी पंचेचाळीस वर्षांची, जिने सायकल शेवटची चालवली ती दहावीत.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. जिथे दोघांचे जमत नाही तिथे तसे सांगूच.

दोन महिने फज्रनंतर कर्नाळ्यापर्यंत जाऊन सराव केला. पहिल्या आठवड्यात शेजारपाजारचे खिडकीतून पाहत. मग विचारू लागले. आमचा हिशेब साधा होता. जो देईल त्याने किलोमीटरमागे ठरवून द्यायचे, पाच रुपये, दहा रुपये, जमेल तसे. गल्लीतल्या एका गवंड्याने किलोमीटरला पाच रुपये कबूल केले आणि वर दम दिला, "मास्तर, टेम्पोत बसलात तर कापून घेईन."

शाळेतल्या एका सहकाऱ्याने मात्र सरळ विचारले, "पैसे जमवायचे तर असेच मागा. सायकल कशाला? त्या खर्चात आणखी दोन पोरांची औषधे येतील." प्रश्न बोचला, कारण खरा होता. म्हणून निघण्यापूर्वी चौदाही जणांनी दोन गोष्टी ठरवल्या. आपापले खाणे, राहणे आणि टेम्पोचे भाडे ज्याचे त्याने भरायचे, जमलेल्या पैशातला एक रुपया त्यात जायचा नाही. आणि ज्यांच्याकडे हिशेब होता त्या चाचांनी दोन पाकिटे केली. जकातीचे पैसे वेगळे, ते फक्त गरजू मुलांच्या औषधासाठी. इमदादीचे वेगळे, ते तपासणीसाठी. चाचा रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही पाकिटे मोजत आणि मोजून झाल्यावर पुन्हा मोजत.

पहिल्या दिवशी अलिबागहून चौल, रेवदंडा, कुंडलिकेवरचा पूल, कोर्लई, काशीद करत मुरूडला पोहोचलो. नकाशात समुद्राकाठचा रस्ता सपाट दिसतो. तो तसा नाही. कोकणात प्रत्येक खाडीपाशी उतरायचे आणि पलीकडे पुन्हा चढायचे. चढावर आम्ही दोघेही उतरून सायकल हातात धरून चाललो, लाज वाटली नाही. बाईने पंजाबी ड्रेसच्या सलवारीला घोट्यापाशी रबर लावले होते, नाहीतर चेनमध्ये अडकते. स्कार्फवर हेल्मेट. कोर्लईपाशी पोरांनी "आंटी, फास्ट!" म्हणून टाळ्या वाजवल्या. मास्तरांसाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ही तक्रार ते आजही करतात.

रात्री लेकीला फोन केला. तिने भिंतीवर कोकणाचा नकाशा लावला होता आणि लाल पेनाने रेघ पुढे नेत होती. "किती झाले?" "पन्नासच्या आसपास." "आसपास नको, बरोबर सांगा. गवंडीचाचा विचारतात." गोळी घेतलीस का, असे विचारले. तिला रोज सकाळी रिकाम्या पोटी एक औषध पाण्यात विरघळवून घ्यावे लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकायची सोय आपल्या शरीरात नाही. ते हृदयात आणि यकृतात साठत जाते. रक्ताने मूल जगते आणि त्याच रक्तातल्या लोहाने खराब होते, म्हणून ही गोळी. "घेतली," ती म्हणाली, "नानीने उभे राहून घ्यायला लावली."

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत होतो. सुक्या मासळीची टोपली घेतलेली एक बाई आमच्या शेजारी बसली होती. "एवढ्या उन्हात सायकल? घरात गाडी नाही का?" मग आम्ही कशासाठी निघालो ते सांगितले. मूल सहा-आठ महिन्यांचे झाले की पांढरे पडू लागते, दूध पीत नाही, सारखे चिडते, पोट वाढते, असे आमच्या लेकीचे झाले होते ते सांगितले. बाई ऐकत राहिली. बोट दिघीच्या अर्ध्या वाटेवर आल्यावर म्हणाली, "माझ्या बहिणीचा असाच होता. दीड वर्षाचा होऊन गेला. सगळे म्हणाले नजर लागली." थोड्या वेळाने विचारले, "हेच असेल का त्याला?" आम्हाला सांगता आले नाही. न तपासलेल्या मुलाबद्दल काय सांगणार? तिने पदराच्या गाठीतून वीस रुपये काढले. चाचांनी ते इमदादीच्या पाकिटात टाकले आणि वहीत लिहिले, "दिघी बोट, 20."

सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तिथे, बोटीवर, निम्मे सापडले. गाडीतून गेलो असतो तर काच वर असती.

त्या रात्रीचा मुक्काम श्रीवर्धनजवळच्या एका गावात होता, आमच्याच माणसांकडे. आमच्यातल्या एकीची ती फुफी आणि दुसऱ्याची खाला. वाचकांना यातून कळलेच असेल की आम्ही दोघे मामे-आत्ये भावंडे आहोत. आमचे लग्न या फुफीनेच जुळवले. तेव्हा मुलगा शिकलेला, मुलगी घरातली, दोन्हीकडची माणसे माहीत, आणखी काय बघायचे? कुणी काही लपवले नव्हते. लपवायला कुणाला काही माहीतच नव्हते.

आम्ही दोघेही थॅलेसेमिया मायनर आहोत. मायनर माणूस आजारी नसतो, धडधाकट असतो, तीनशे किलोमीटर सायकलही चालवतो. फक्त रक्त तपासले की हिमोग्लोबिन थोडे कमी दिसते. आमच्यातल्या बाईला लग्नाआधीपासून "रक्त कमी" म्हणून लोहाच्या बाटल्या पाजल्या गेल्या. कमतरता लोहाची नव्हतीच. दोघांपैकी एकच मायनर असेल तर मुलाला मेजर होत नाही. दोघेही असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजरची. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा तो हिशेब नाही. आम्हाला हे लेक आठ महिन्यांची असताना कळले. त्यानंतर दुसऱ्या मुलाची हिंमत आम्हाला झाली नाही.

फुफीने चौदा माणसांसाठी चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, सुरमईचे कालवण, आणि आमच्यासाठी सांदण वेगळे झाकून ठेवले होते. सगळ्यांना पोटभर वाढले. जमातीतल्या बायकांकडून चार हजार रुपये आधीच गोळा करून ठेवले होते. जेवण झाल्यावर आम्ही तिच्याजवळ बसलो. तिच्या नातवाचे लग्न ठरले होते, तिच्याच पुतणीच्या मुलीशी. म्हणजे पुन्हा घरातल्या घरात. आणि मुलगी ज्या शाखेतली, त्याच शाखेतले आम्ही.

"फुफी, निकाहच्या आधी दोघांची एकदा रक्ततपासणी करून घ्या. एचबीए-टू म्हणतात. हातातून थोडेसे रक्त घेतात, बस."

फुफीचा हात ताटावरच थांबला. "झाले का सुरू? पोरीला तपासायला नेले हे गावात कळले तर काय म्हणतील? काही तरी खोट असेल म्हणून नेले."

"एकट्या पोरीला नाही, दोघांना. मुलाला आधी."

"आणि निघाले काही तर? लग्न मोडू?"

"मोडा असे कोण म्हणते? एकातच निघाले तर काहीच अडत नाही. दोघांत निघाले तर निदान माहीत असेल. गरोदरपणात दहा-बारा आठवड्यांत बाळाची तपासणी करता येते. पुढे काय करायचे ते त्या दोघांनी डॉक्टरला आणि आलिमला विचारून ठरवावे. आम्हाला ठरवायला काही मिळालेच नाही."

हे शेवटचे वाक्य आमच्यातल्या एकाच्या मते बोलायला नको होते. दुसरीच्या मते तेच बोलायला हवे होते. फुफी उठून आत गेली. सकाळी निघताना तिने डब्यात घावणे बांधून दिले, डोक्यावरून हात फिरवला, पण त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. नातू दाराशी उभा राहून आमच्या सायकलींच्या चाकात हवा भरत होता. त्याने सगळे ऐकले होते हे त्याच्या पंपाच्या जोरावरून कळत होते.

तो शुक्रवार होता. हरिहरेश्वराकडून बागमांडल्याला उतरलो, बोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला आलो आणि पुढे किनाऱ्याकाठच्या एका गावात जुम्यासाठी थांबलो. आमच्यात कोकणी होते तसे सोलापूरकडचे तिघे होते. आम्ही शाफई, ते हनफी. प्रवासात जोहर-असर एकत्र पढायची आम्हाला सवलत आहे, ते मात्र वेळेवर वेगळी पढणार. त्यामुळे रोज दुपारी आमची झोप आणि त्यांचा घाम अशी वाटणी होई. तिघांतल्या सगळ्यात धाकट्याने दुसऱ्या दिवशी विचारले होते, "पाच दिवसांसाठी मसलक बदलता येतो का?"

जुम्यानंतर खतीबसाहेबांनी आम्हाला दोन मिनिटे दिली. मास्तर बोलले. वर्गात बोलतात तसेच, म्हणजे दोनाची सात मिनिटे झाली. लोकांनी मन लावून ऐकले. रुमाल फिरला आणि त्या छोट्या गावातून सहा हजारांवर रक्कम जमली. आमच्याबरोबर तपासणीसाठी नावे लिहून घ्यायची वहीही होती. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या गावी शिबिर घ्यायचे होते, खर्च इमदादीतून व्हायचा होता. वही तासभर मशिदीच्या ओट्यावर उघडी होती. एक नाव आले नाही. ज्याने पाचशेची नोट टाकली त्याने वहीकडे पाहून नजर वळवली. "आमच्याकडे तसले काही नाही," असे एक गृहस्थ म्हणाले, जणू आम्ही उधारी मागत होतो.

राग आला, हे कबूल करतो. पुढच्या चढावर कुणी कुणाशी बोलले नाही. केळशीच्या अलीकडे पाणी प्यायला थांबलो तेव्हा आमच्यातली बाई म्हणाली, "लोकांना नावे ठेवू नका. आपल्या निकाहच्या आधी कुणी वही घेऊन आला असता तर तुम्ही लिहिले असते नाव?" मास्तरांनी खरे उत्तर दिले. नसते लिहिले.

इतक्यात मागून एक मोटारसायकल आली. मशिदीतच दिसलेला विशीतला मुलगा होता. गाडी सुरूच ठेवून म्हणाला, "चाचा, वहीत नाव न लिहिता आले तर चालेल का? फक्त नंबर." चालेल म्हटले. त्याने दोन नंबर दिले. एक त्याचा होता. दुसरा कुणाचा ते आम्ही विचारले नाही.

त्यानंतर वहीचा नियम बदलला. नाव नाही, फक्त नंबर. आणि वही मशिदीच्या ओट्यावर नाही, बाईच्या पिशवीत. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असतो त्या किनाऱ्याजवळच्या मोहल्ल्यात बाई मागच्या दाराने चार घरांत गेली. सायकलवरून आलेली बाई म्हणजे काय हे पाहायला पंधराजणी जमल्या. सीटमुळे कुठे दुखते इथपासून प्रश्न सुरू झाले आणि हसण्याहसण्यात "माझ्या जावेच्या मुलाला…" इथे येऊन थांबले. त्या रात्री वहीत अकरा नंबर होते. मास्तर बाहेर रस्त्यावर पंक्चर काढत बसले होते.

चौथा दिवस आमच्यासाठी वाईट गेला. दाभोळला खाडीकाठची जुनी आदिलशाही मशीद पाहिली, बोटीने धोपाव्याला उतरलो आणि पलीकडच्या चढावर मास्तरांच्या पोटरीत असा गोळा आला की पाय सरळ होईना. टेम्पोत बसावे लागले. सहा किलोमीटर. बाईने ती सहा किलोमीटर एकटीने काढली आणि वर कातळावर पोहोचून, टेम्पोला टेकून, काही न बोलता नुसते पाहिले. ते पाहणे पोटरीपेक्षा जास्त दुखले, असे मास्तर म्हणतात. रात्री लेकीला खरा आकडा सांगितला. तिने पप्पांच्या रेघेतून सहा किलोमीटरचा तुकडा खोडरबराने पुसला. लाल पेनाची शाई पुसली गेली नाही, कागद मात्र फाटला.

शेवटच्या दिवशी गुहागरहून तवसाळ, बोटीने जयगड, मग गणपतीपुळे आणि आरे-वारेचा तो समुद्राला लागून वळणारा रस्ता. फोटो पुष्कळ काढले. रत्नागिरीत असरच्या सुमारास पोहोचलो. चौदापैकी चौदा. हार घालायला दहा-बारा जण आले होते. चाचांनी आधी पाकिटे मोजली आणि मग हार घालून घेतला. गवंड्याने नंतर पूर्ण किलोमीटरचे पैसे दिले. सहा किलोमीटरचे तीस रुपये परत करू लागलो तर म्हणाला, "ते वहिनींनी ओढले ना? मग."

आम्हाला एक गोष्ट वाचकांना सांगायची आहे, कारण ती आम्हालाही उशिरा कळली. 2016 च्या अपंगत्व कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी त्याचे प्रमाणपत्र काढून घ्यावे, हेलपाटे पडतात पण काढावे. आणि मे महिन्याच्या सुट्टीत रक्तपेढ्या रिकाम्या होतात, कारण कॉलेजे बंद असतात आणि शिबिरे होत नाहीत. आमच्यासारख्यांना त्या दिवसांत दारोदार फिरावे लागते. ज्याला रक्त देता येते त्याने त्या महिन्याची आठवण ठेवावी.

घरी आल्यावर आठवडाभर आम्ही दोघे जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होतो. लेक आमच्यामागे उभी राहून म्हणायची, "चप्पल नीट करताय का?" तिची चोरी आम्हाला माहीत आहे हे तिला माहीत होते तर.

पुढची पिशवी शुक्रवारी होती. मुंबईच्या वॉर्डात सकाळी नऊला सुई लागली. नेहमीच्या पलंगांवर नेहमीची मुले. साडेअकराला फोन वाजला. श्रीवर्धनहून नातू होता. तो आणि ती मुलगी, दोघे जाऊन रक्त देऊन आले होते. आजीला सांगून गेले होते, आणि आजी स्वतः रिक्षात मधे बसली होती, म्हणजे कुणी पाहिले तर म्हातारीला दाखवायला नेले असे वाटावे. अहवाल आला होता. त्याने वाचून दाखवला. मुलगा मायनर. मुलगी नाही.

"म्हणजे चालेल ना?" त्याने विचारले.

"चालेल. तारीख धरा."

मग फुफीने फोन घेतला. आमच्याशी काही बोलली नाही. पोरीला दे, म्हणाली.

"काय करतेस गं?"

"रक्त चढतेय, नानी. अर्धी पिशवी झाली."

"किती वेळ लागतो?"

"अजून दीड तास. मग घरी."

तेरा वर्षांत फुफीने हे कधी विचारले नव्हते. बराच वेळ पलीकडून फक्त कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"पुढची कधी आहे?"

लेकीने तारीख सांगितली.

"मी येते. बसते तुझ्याजवळ. तुझ्या आईबापाला म्हणावे, त्या दिवशी शाळेत जा, कामाला जा, कुठे सायकल फिरवायची ती फिरवा."